मोटार चालविण्याचे जलद प्रशिक्षण : निर्णय कसा घ्यावा?

धारवाडच्या रेल्वे स्थानकालगत असलेली मळमड्डी ही जुनी व शांत वस्ती आहे. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा येथील अनेक घरांत सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. सकाळी शाळेकडे निघालेली मुले, स्थानकाकडे धावणाऱ्या रिक्षा, सायंकाळी फिरावयास निघालेली वृद्ध मंडळी हे येथील नित्याचे दृश्य होय. एके काळी या वस्तीतील माणसाचे बहुतेक व्यवहार पायी किंवा सायकलीवर होत असत. आता पुष्कळ घरांपुढे मोटार उभी दिसते. ती चालविणारा मात्र घरात एखादाच असतो आणि बऱ्याच वेळा तोही नोकरीनिमित्त परगावी राहत असतो.

अशा घरात रात्री-अपरात्री कोणाची प्रकृती बिघडली, तर दारातील मोटार असून नसल्यासारखी होते. धारवाडहून हुबळी सुमारे वीस किलोमीटर. मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे तर तेवढे अंतर कापणे प्राप्त असते. गृहिणीने, निवृत्त शिक्षकाने किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने मोटार चालविण्यास शिकावे हा विचार अशा प्रसंगातूनच घरात मूळ धरतो. मग 'सात दिवसांत मोटार शिका', 'दहा दिवसांत परवान्याची तयारी' अशा जाहिरातींकडे लक्ष जाते. रजा थोडी, कामे अनेक. तेव्हा आठवड्याभरात शिकणे उरकले तर कोणाला नको आहे? परंतु हा निर्णय घेण्यापूर्वी कायदा काय सांगतो, माणसाचे हातपाय नवी विद्या कशी आत्मसात करतात आणि जलद वर्गाचा लाभ नेमका कोणास होतो, या तीन गोष्टी समजून घेणे हिताचे ठरेल.

कायद्याने ठरविलेला काळ

भारतात मोटार वाहनांसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्यानंतर १९३९ चा आणि पुढे १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. सध्याचा व्यवहार १९८८ चा कायदा व १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम यांना अनुसरून चालतो. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे धारवाडच्या नागरिकाला जे नियम लागू आहेत तेच बेळगाव, कोल्हापूर किंवा पणजी येथील नागरिकालाही लागू आहेत.

मोटार शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम शिकाऊ परवाना घेतला पाहिजे. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि वाहतुकीची चिन्हे व नियम यांवरील प्राथमिक चाचणी द्यावी लागते. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते. तो हाती आल्यापासून किमान ३० दिवस उलटल्याखेरीज पक्क्या परवान्याच्या चाचणीस बसता येत नाही. ही तरतूद ध्यानात घेतली म्हणजे जलद वर्गाच्या मुख्य आकर्षणातील पोकळपणा उघड होतो. सात दिवसांत शिकणे संपविले, तरी उरलेले तेवीस दिवस थांबावेच लागते. म्हणजे परवाना लवकर मिळावा या हेतूने घाई करण्यात काहीच हशील नाही.

ही प्रतीक्षा कायद्याने विनाकारण लादलेली नाही. शिकाऊ व्यक्तीला सरावासाठी पुरेसा अवकाश मिळावा, हे या मुदतीने साधते. सात दिवसांत वर्ग संपवून पुढील तेवीस दिवस मोटारीला हातही न लावणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे प्रयोजनच विफल होते.

दिवस आणि तास यांचा हिशेब

प्रशिक्षण संस्थांसाठीही नियमांत किमान मर्यादा घातलेली आहे. खाजगी मोटारीसारख्या, म्हणजे वाहतूक वाहन नसलेल्या वाहनांचे प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी असू नये आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे तास १० पेक्षा कमी असू नयेत, असे नियम सांगतो. वाहतूक वाहनांसाठी हीच मर्यादा ३० दिवस व १५ तास अशी आहे. २१ दिवसांत १० तास म्हणजे दररोज साधारणपणे अर्धा तास. तेच १० तास सात दिवसांत बसवावयाचे, तर दररोज जवळजवळ दीड तास चाक हाती धरावे लागेल. तेव्हा नवशिक्याला सात दिवसांत 'पूर्ण प्रशिक्षण' देण्याची हमी म्हणजे नियमाने घालून दिलेल्या अभ्यासक्रमाला दिलेली बगल होय, हे ओळखले पाहिजे.

२०२१ साली केंद्र शासनाने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांविषयी नवे नियम केले. ते त्या वर्षीच्या १ जुलैपासून अमलात आले. अशा केंद्रातील हलक्या मोटार वाहनाचा अभ्यासक्रम एकूण २९ तासांचा असून तो जास्तीत जास्त चार आठवड्यांत पूर्ण करावयाचा असतो. त्यांपैकी ८ तास सैद्धांतिक शिक्षणाचे व २१ तास प्रत्यक्ष सरावाचे. हा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील वाहन चालविण्याच्या चाचणीतून सूट मिळण्याची तरतूद आहे.

या दोन नियमांची तुलना उद्‌बोधक आहे. चार आठवड्यांत २१ तासांचा प्रत्यक्ष सराव हेही एका अर्थाने सघन प्रशिक्षणच होय. फरक इतकाच की, येथे दिवस कमी केलेले नसून तास वाढविलेले आहेत. जलद वर्गाची पारख करण्याची कसोटी हीच. जो वर्ग ठरलेल्या मुदतीत अधिक तास देतो तो उपयुक्त. जो केवळ दिवसांची संख्या घटवितो तो शिकणाऱ्याचे पैसे घेऊन त्याच्या पदरी अपुरी विद्या टाकतो.

याबाबतीत इतर देशांचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये मोटार चालविण्याची चाचणी १९३५ सालच्या १ जूनपासून सक्तीची झाली. तेथे चाचणी उत्तीर्ण होण्यास सरासरी सुमारे ४५ तासांची शिकवणी आणि त्याशिवाय २२ तासांचा घरगुती सराव लागतो, असे सांगितले जाते. आपल्याकडील १० तासांची किमान मर्यादा ही शिक्षणाची परिपूर्ती नसून केवळ आरंभरेषा आहे, हे यावरून दिसून येईल.

हातापायांना सवय कशी लागते

मोटार चालविणे ही बुद्धीने समजून घेण्याची गोष्ट जितकी आहे, तितकीच ती शरीराच्या वळणी पडण्याची गोष्ट आहे. क्लच दाबून गिअर बदलावा, आरशात पाहावे, मग इशारा द्यावा आणि नंतर वळावे, हा क्रम एका दिवसात पाठ होतो. पण समोर अचानक मूल आडवे आले असता पाय आपोआप ब्रेकवर जाणे हे पाठांतराने साधत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. 'आता कोणता पाय उचलू' असा विचार करण्यात एक सेकंद गेला, तर तेवढ्यात अनर्थ घडून जातो. म्हणूनच सवय अंगी मुरणे आवश्यक असते आणि मुरण्यास काळ लागतो.

या संदर्भात १९७८ साली प्रसिद्ध झालेले ब्रिटनमधील एक संशोधन बोलके आहे. ॲलन बॅडली व लाँगमन या संशोधकांनी टंकयंत्राची कळफळी शिकणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यांचे गट पाडून त्यांच्या प्रगतीची नोंद घेतली. दररोज एकच तास शिकणाऱ्या गटाला ही कला येण्यासाठी एकूण तास कमी लागले. दररोज चार तास शिकणाऱ्यांना दिवस कमी लागले, पण तास अधिक खर्ची पडले. मौजेची गोष्ट अशी की, तासांच्या हिशेबाने सर्वांत चांगली प्रगती करणारा गटच आपल्या वेळापत्रकावर सर्वांत कमी संतुष्ट होता. दिवस लांबत आहेत एवढेच त्यांना जाणवत होते. टंकलेखन आणि मोटार चालविणे या गोष्टी एक नव्हेत हे खरे. तथापि हातापायांच्या हालचालींचा मेळ बसविणे दोन्हींत आहे. थोडे थोडे शिकल्याने विद्या पक्की होते, परंतु शिकणाऱ्याला मात्र आपण रेंगाळतो आहोत असे वाटत राहते, हा बोध दोहोंस लागू पडण्यासारखा आहे.

घरातील अनुभवही याहून वेगळा नाही. पोळी लाटण्यास शिकणाऱ्या मुलीला एकाच दिवशी शंभर पोळ्या लाटावयास लावल्या, तर हात दुखतील, पण पोळी गोल होईलच असे नाही. दररोज चार पोळ्या लाटल्या, तर महिन्याभरात ती सहजी गोल होऊ लागते.

जलद वर्ग कोणास उपयुक्त?

याचा अर्थ जलद वर्ग सर्वथा त्याज्य आहे असा नव्हे. काही व्यक्तींना त्याचा निश्चित लाभ होतो.

पूर्वी मोटार शिकलेली, परवाना असलेली, पण अनेक वर्षे सराव सुटलेली व्यक्ती ही त्यांपैकी पहिली. तिच्या अंगी मूळ सवय असते. ती जागी करण्यास आठवड्याचा सघन सराव पुरेसा होऊ शकतो. अनेक वर्षे स्कूटर किंवा मोटारसायकल चालविणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक दुसरा. तिला रस्त्याची जाण असते, समोरचे वाहन काय करील याचा अंदाज असतो. शिकावयाचे असते ते केवळ मोटारीचे तंत्र. ज्याचे मूळ प्रशिक्षण रीतसर झाले आहे आणि चाचणीपूर्वी आठवडाभर अधिक सराव हवा आहे, अशा उमेदवारालाही जलद वर्ग उपकारक ठरतो.

याउलट, ज्याने आजवर कोणतेही वाहन चालविलेले नाही, ज्याला रहदारीची धास्ती वाटते किंवा ज्याच्या घरी वर्ग संपल्यानंतर सरावासाठी मोटार उपलब्ध नाही, अशा व्यक्तीने केवळ जलद वर्गावर विसंबू नये. उतारवयात प्रथमच शिकणाऱ्यांनीही सावकाशीचा मार्ग पत्करावा. दीड-दोन तास सलग चालविल्यावर येणारा थकवा लक्ष विचलित करतो आणि भीती अधिकच घट्ट बसते. नवशिक्याला एकदा भीतीने ग्रासले म्हणजे तो मोटारीपासून कायमचा दुरावतो. मग खर्च केलेला पैसाही वाया जातो आणि दारातील वाहनही धूळ खात पडते.

तीस दिवसांचा सदुपयोग

समजा, मळमड्डीतील एका गृहिणीला उन्हाळ्याच्या सुटीत मोटार शिकावयाची आहे. शिकाऊ परवाना हाती आल्यापासून तिच्याजवळ तीस दिवस आहेत. पहिल्या आठवड्यात दररोज अर्धा तास, वर्दळ नसलेल्या रस्त्यावर, सकाळच्या वेळी वाहन सुरू करणे, थांबविणे व वळविणे एवढाच अभ्यास तिने करावा. दुसऱ्या आठवड्यात वस्तीतील रस्ते, गतिरोधक, शाळा सुटण्याची वेळ, रिक्षांची गर्दी यांची ओळख करून घ्यावी. धारवाड हे चढउतारांचे गाव. चढावर थांबलेली मोटार मागे न घसरता पुन्हा चालू करणे हा येथील चालकाला नित्य लागणारा धडा आहे आणि पक्क्या परवान्याच्या चाचणीतही त्याचा समावेश आहे. हँडब्रेक, क्लच व ॲक्सिलरेटर यांचा मेळ बसेपर्यंत हा धडा पुनःपुन्हा गिरवावा.

तिसऱ्या आठवड्यात ज्युबिली सर्कलसारख्या गजबजलेल्या चौकातून जाण्याचा सराव प्रशिक्षकाच्या सोबतीने करावा. हुबळी-धारवाड मार्गावर ऑक्टोबर २०१८ पासून जलद बससेवा धावू लागली आणि तिच्यासाठी रस्त्याच्या मध्यभागी राखीव मार्गिका आखण्यात आल्या. अशा मार्गावर कोणती मार्गिका कोणासाठी आहे, पादचारी कोठून रस्ता ओलांडतात आणि वळण कोठे घ्यावे, हे नवशिक्याने शेजारी जाणकार बसलेला असतानाच समजून घेतलेले बरे. चौथा आठवडा उजळणीचा. याच आठवड्यात दररोज एक तास किंवा थोडा अधिक वेळ सराव केल्यास जलद वर्गाचा खरा फायदा पदरात पडतो. सारांश, आरंभी सावकाशी आणि अखेरीस सघन सराव, हा क्रम हितावह होय. जाहिरातींतील क्रम नेमका याच्या उलट असतो.

संस्था निवडताना

कोणताही वर्ग निवडण्यापूर्वी पालकांनी व प्रशिक्षणार्थींनी काही गोष्टींची स्वतः खात्री करून घ्यावी. संस्थेजवळ परिवहन खात्याचा परवाना असावा आणि तो दर्शनी भागी लावलेला असावा. शिकविण्याच्या मोटारीत प्रशिक्षकाच्या बाजूसही नियंत्रणाची सोय, म्हणजे दुहेरी नियंत्रण असावे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने दररोज किती वेळ वाहन चालविले याची नोंद संस्थेने 'नमुना १५' मध्ये ठेवावयाची असते; ती नोंद पाहण्याचा आग्रह धरावा. मोटारीत चार प्रशिक्षणार्थी बसवून तासभर फिरविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाक पंधरा मिनिटेच येते. मागील आसनावर बसून घालविलेला वेळ हा वाहन चालविण्याचा वेळ नव्हे.

अभ्यासक्रमात वाहतुकीचे नियम, वाहनाच्या यंत्रणेची तोंडओळख व प्रथमोपचार यांचाही अंतर्भाव असतो. घाईच्या वर्गात सर्वप्रथम कात्री लागते ती याच विषयांना. तेव्हा 'हे विषय केव्हा आणि किती वेळ शिकविले जातील?' असा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास दुसरी संस्था पाहावी.

घरच्या मोटारीवर सराव करणाऱ्यांनीही नियम पाळणे अगत्याचे आहे. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात 'एल' हे रोमन अक्षर असलेली पाटी लावावी. शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती, वाहन आवरता किंवा थांबविता येईल अशा रीतीने बसलेली असावी. शिकाऊ परवाना नसताना 'मोकळ्या रस्त्यावर थोडेसे चालवून पाहू' हा मोह टाळावा. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. शिक्षकांनी ही माहिती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना आवर्जून द्यावी.

चाचणीत अपयश आले तर?

जलद वर्ग पूर्ण करूनही काही जण चाचणीत अनुत्तीर्ण होतात. त्यांनी नाउमेद होण्याचे कारण नाही. सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. मात्र तीन वेळा अपयश आल्यास पुढील चाचणीसाठी ६० दिवस थांबावे लागते. घाईने दिलेल्या तीन चाचण्यांमुळे दोन महिन्यांचा खोळंबा होण्यापेक्षा प्रारंभीच दोन आठवडे अधिक सराव केलेला काय वाईट?

आणि चाचणी उत्तीर्ण झाली, म्हणजे शिक्षण संपले असेही नव्हे. पावसाळ्यातील निसरडा रस्ता, रात्रीच्या वेळी समोरून येणारा प्रखर प्रकाश, महामार्गावरील अवजड वाहने यांपैकी कशाचाही अनुभव आठवड्याच्या वर्गात मिळत नाही. धारवाडजवळ इटिगट्टी येथे १५ जानेवारी २०२१ रोजी बाह्यवळण मार्गावर झालेल्या भीषण अपघातात दावणगेरेहून गोव्याकडे निघालेल्या दहाहून अधिक प्रवाशांचा अंत झाला. त्यांत बहुसंख्य महिला होत्या. त्या घटनेची आठवण या परिसरात अद्याप ताजी आहे. देशभराचा विचार केला, तर केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींना प्राण गमवावे लागले. या आकड्यातील प्रत्येक एकक म्हणजे कोणाचे तरी घर होय. नव्याने परवाना मिळालेल्या व्यक्तीने पहिले काही महिने महामार्गावर एकट्याने जाऊ नये. अनुभवी माणूस सोबत घ्यावा, ही दक्षता म्हणूनच आवश्यक ठरते.

निर्णय

मोटार चालविता येणे ही आज चैन राहिलेली नाही. वृद्ध आईवडिलांना वेळेवर रुग्णालयात पोहोचविणारी, स्त्रीला परावलंबनातून मुक्त करणारी आणि तरुणाला उपजीविकेचे साधन देणारी ती विद्या आहे. ती प्रत्येकाने अवश्य शिकावी. जलद वर्ग घ्यावा की न घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर स्वतःला तीन प्रश्न विचारून मिळू शकेल. रस्त्याची पूर्वओळख आहे काय? वर्ग संपल्यानंतर सरावासाठी मोटार व जाणकार सोबती मिळेल काय? आणि हा वर्ग अधिक तास देणार आहे की केवळ दिवस वाचविणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील आणि तिसऱ्याचे उत्तर 'अधिक तास' असे असेल, तर जलद वर्ग अवश्य घ्यावा. अन्यथा, कायद्याने दिलेले तीस दिवस हाताशी आहेतच. त्यांतील प्रत्येक दिवशी अर्धा तास चाक हाती धरले, तर महिनाअखेर पंधरा तासांचा सराव पदरी पडतो आणि नियमाने ठरविलेली किमान मर्यादा सहज ओलांडली जाते. रात्री-अपरात्री हुबळीची वाट धरण्याचा प्रसंग आलाच, तर त्या वेळी कामास येईल तो हा सराव.